बिनमालकाचा दिवा

सारोमासे बेटाच्या पश्चिम टोकावर पहिला दिवा लावला तो दाएंग गासिंगने. त्याचा मुलगा दाएंग लिवांग याने तो दिवा चाळीस वर्षे एकाही संध्याकाळी चुकू दिला नाही. लिवांगचा मुलगा दाएंग तोंपो. त्याच्या काळात टोकावर सरकारी वीज आली, तरी वादळाच्या दिवशी बापाचा कंदील पुसून खिडकीत ठेवायला तो आजवर कधी विसरला नाही. आणि या तोंपोचा एकुलता एक मुलगा आस्रुल, बेटावरच्या शाळेत गणित शिकवणारा. अशा घरचा हा मुलगा एका गुरुवारी दुपारी मकासर शहराच्या किनाऱ्यावर, भाजक्या केळ्यांच्या गाडीच्या ताडपत्रीखाली निथळत उभा होता, आणि त्याला कोणावर तरी ओरडायचे होते. घराण्यात ओरडण्याची रीत नव्हती, हीच खरी अडचण होती.

त्याच ताडपत्रीखाली तेनरी उभी होती. एका हातात पानावरचे, गुळाचा पाक ओतलेले केळे, दुसऱ्या हातात फोन. तो फोन ती दर मिनिटाला उजळून पाही आणि पुन्हा विझवी. स्वस्थ बसणे तिला जन्मतःच ठाऊक नव्हते.

“तुम्ही शहरातल्या दिसता,” आस्रुल म्हणाला. “माणसावर ओरडायचं कसं असतं?”

तेनरीने मान वळवली. त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होते, आणि शर्टाच्या आत, पोटाशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले काहीतरी त्याने घट्ट धरले होते.

“आधी आवाज चढवायचा,” ती म्हणाली. “तुमचा तर या गुळाच्या पाकासारखा ओघळतोय.”

“बरं... आणि मग?”

“मग समोरच्याचं नाव घ्यायचं.”

“तेच तर ठाऊक नाही. आमचा दिवा ज्यानं मालवला, त्याचं.”

अर्धे केळे त्याच्या हाती देत तिने विचारले, कसला दिवा? त्याने सांगितले. आता दिवा टोकावर नसतो, फोनमधल्या ॲपमध्ये असतो. रोज पहाटे आणि दुपारी तीनशे बारा होड्यांना वाऱ्याचा आणि भरतीचा निरोप जातो. परतलेली होडी ‘आलो’ एवढाच एक शब्द पाठवते. ज्याचा शब्द येत नाही, त्याच्या शेजारच्या होड्यांना तो दिवा जागे करतो. सोमवारपासून दिवा गप्प होता, आणि तीन दिवस एकही होडी पाण्यात गेलेली नव्हती.

तेनरीने फोन खिशात टाकला. बंदरांची चाळीस ॲप्स क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या संगणकांवर, चालती ठेवण्याचे काम तिच्या कंपनीकडे होते. ज्या ॲपपुढे मालकाचे नाव नाही, ते सोमवारी बंद करायचे आणि कोण ओरडतो ते ऐकायचे. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कोणी ओरडले नाही, तर ते कायमचे पुसले जाई. सोमवारी बंद करण्याची कळ तिनेच दाबली होती, आणि चार दिवसांत एकही तक्रार नाही म्हणून ती निश्चिंत होती. माणसे ओरडत नाहीत याचा अर्थ त्यांना दुखत नाही असा नव्हे, हे घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला कळते. बेटावरच्या माणसांनी आदराने एवढेच मानले होते, की दिवा राखणाऱ्याने मालवला, तर त्याला तसेच काही कारण असेल.

“ओरडा,” ती हळूच म्हणाली. “मीच आहे ती.”

आस्रुलने बोटांवरचा पाक चाटला. पाऊस ताडपत्रीवर ताशा वाजवत होता.

“आता नाही जमायचं,” तो म्हणाला. “तुमचं अर्धं केळं खाऊन बसलोय.”

भिजतच दोघे तिच्या कार्यालयात पोहोचली. ॲपपुढची मालकाच्या नावाची जागा बेटावरच्यांनी रिकामी का ठेवली, असे तिने जरा तोऱ्यातच विचारले. दिव्याचा मालक म्हणून स्वतःचे नाव लिहिणे आमच्याकडे उद्धटपणा समजतात, दिवा सगळ्यांचा, असे तो म्हणाला. तिचे स्वतःचे आजोबा याच पाण्यावर वाढलेले. हे तिला न विचारता कळायला हवे होते. तिने मान खाली घातली आणि ॲप सुरू केले.

ॲप उठले, पण रिकामे. होड्यांचे फोन क्रमांक कोणीतरी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवले होते. बंद करताच सगळे धुऊन गेले होते. तेनरीने पडदा पुन्हा पुन्हा वरखाली करून पाहिला. तेव्हा आस्रुलने शर्टातली गुंडाळी सोडली. आत एक जुनी वही होती. पुढची पाने आजोबांच्या दिव्याच्या नोंदींची, मागची त्याच्या हातच्या क्रमांकांची.

तो वाचू लागला, ती उतरवू लागली. एकदा त्याने एक क्रमांक दोनदा वाचला.

“हा झालाय,” ती म्हणाली.

“माहीत आहे. तुम्ही मान वर करता का, ते पाहत होतो.”

तिने मान वर केली नाही; कान मात्र लाल झाले.

शुक्रवारी सकाळी उरलेले क्रमांक संपले आणि बातमी आली ती दोन्हीकडून. हवामान खात्याने दुपारी पश्चिमेचे वादळ सांगितले. बेटावरून कळले, की घरातले तांदूळ सरल्याने सत्तावीस होड्या पहाटेच निघून गेल्या आहेत. त्यांतली एक दाएंग तोंपोची.

तेनरीने निरोप सोडला: माघारी फिरा. मग मालकाच्या जागी स्वतःचे नाव लिहिले. यापुढे या दिव्याच्या प्रत्येक हाकेला उत्तर देणे तिच्यावर आले. आस्रुल खुर्चीतून उठत होता, बसत होता, पुन्हा उठत होता.

“तुम्ही धक्क्यावर जा,” ती म्हणाली. “इथली खुर्ची मी सोडत नाही.”

एकेक ‘आलो’ पडद्यावर उमटू लागला. तीन वाजेपर्यंत सव्वीस झाले. तोंपोचा क्रमांक नीट उतरवला ना, हे पाहायला तिने वही ओढली, ती पहिल्या पानाशी उघडली. लिवांगच्या तिरक्या अक्षरात नोंद होती: ‘पश्चिम वारा. पाओतेरे बंदरातल्या ला पवेन्नारी या खलाशाला दिव्याने आत आणले. मोबदला घेतला नाही. तो म्हणाला, तुमच्या घरचे माणूस पाण्यावर अडकेल त्या दिवशी एक पहारा मी देईन. बाकी.’

ला पवेन्नारी म्हणजे तिचे आजोबा. शेवटच्या आजारात ते एकच घोकत असत, एक पहारा राहिला, एक पहारा राहिला... घरच्यांनी ते ज्वरातले बोलणे समजून सोडून दिले होते.

चारला तिची कामाची वेळ संपली. ती उठली नाही. तोंपोचा फोन शेवटी जिथून लागला होता, त्याच्या आसपासच्या, दुसऱ्या बंदरांच्या ॲपवरच्या होड्यांना तिने एकामागून एक फोन केले. अकरावा माणूस म्हणाला, इंजिन बंद पडलेली एक होडी दिसते आहे, ओढून आणतो.

सहाला दहा मिनिटे असताना सत्ताविसावा ‘आलो’ आला; ओढणारी होडी तोंपोला मकासरच्याच धक्क्यावर घेऊन आली होती.

अंधार पडता पडता आस्रुल दारात उभा राहिला, पुन्हा चिंब.

“बाबा विचारत होते, दिव्यावर कोण होतं?”

“मग काय सांगितलंत?”

“मालकीण, म्हटलं.” तो घुटमळला. “त्या जागेत... दुसरं नाव बसतं?”

“मालक एकच. दुसरी जागा पर्यायी पहारेकऱ्याची. पहिल्यानं फोन उचलला नाही, तर दुसऱ्यानं उचलायचा.”

“किती दिवस?”

“दिवा असेल तोवर.”

“मग लिहा माझं,” आस्रुल म्हणाला. आवाज या खेपेस मुळीच ओघळला नाही.

“लिहिते, दाएंग,” तेनरी म्हणाली. दाएंग ही त्या मुलखातली मानाची उपाधी; बायको नवऱ्याला याच नावाने हाक मारते, आणि हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

मग तिने वहीचे पहिले पान त्याच्यापुढे सरकवले आणि ला पवेन्नारी या नावावर बोट ठेवून म्हणाली, “माझे आजोबा.” त्याने ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि तिच्याच हातातली लेखणी घेऊन आपल्या आजोबांनी लिहिलेल्या ‘बाकी’वर सरळ रेघ मारली. खाली सुबक अक्षरात लिहिले: पहारा पुरा मिळाला. शुक्रवार, नातीच्या हातून.