साठवता न येणारी ताकद

मिनूला पडलेलं कोडं तसं साधंच होतं. तिचे आबा, म्हणजे रंगराव साळोखे, पंचवीस वर्षांचे असताना त्यांनी एकाच मैदानात लागोपाठ तीन मल्ल चीत केले होते. त्यांची थोरली बहीण मालन, जिला सगळं घर आक्का म्हणे, तिने उभ्या आयुष्यात एकही कुस्ती खेळली नव्हती. आता, २०६१ साली, आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि आक्का एकोणऐंशीच्या. चैत्रातल्या एका सकाळी दोघं भावंडं अंगणात चटईवर बसून चहा पीत होती. चहा संपला तशा आक्का कशालाही हात न टेकता उठल्या आणि कप विसळायला गेल्या. आबांना मात्र उठता येईना. त्यांनी एकदा जोर लावून पाहिला, दुसऱ्यांदा लावला, आणि मग चटईवर बसणं आपल्याला फारच आवडलंय असा आव आणला. शेवटी गंपू या घरच्या यंत्रमानवाने त्यांना काखेत धरून उभं केलं.

आईबाप तेच, रक्त तेच, लहानपणी प्यायलेलं दूधही एकाच म्हशीचं. मग पहिलवान खाली आणि बहीण वर, हे कसं काय?

मिनू बारा वर्षांची होती आणि आबांच्याच तालमीत कुस्ती शिकत होती. त्यामुळे कोड्याच्या मागे काय उभं आहे हे तिला ठाऊक होतं. वारणाकाठच्या मळेवाडीच्या त्या तालमीत एक जुना रिवाज होता. दरवर्षी नागपंचमीला वस्तादाने (तालमीच्या मुख्य गुरूने) हौद्यातल्या तांबड्या मातीत मांडी घालून बसायचं, मातीला नमस्कार करायचा आणि गदा खांद्यावर घेऊन आपलं आपण उठायचं. उठताना दुसऱ्या कुणाचा हात लागला, तर गदा तिथेच खाली ठेवायची. त्या दिवसापासून तो वस्ताद नाही. गंपूचा हातही ‘दुसऱ्याचा हात’ धरायचा की नाही यावर पंचांनी मागच्या वर्षी दोन बैठका घेतल्या होत्या आणि धरायचा असं ठरवलं होतं.

तालमीचे वस्ताद असलेले आबा मागच्या वर्षी कसेबसे उठले होते, आणि आता नागपंचमीला चार महिने उरले होते. आजी सहा वर्षांपूर्वी गेल्यापासून आबांचा सगळा जीव तालमीत होता. ती सुटली तर आबा दिवसभर खिडकीशी बसून राहतील, याची मिनूला फार भीती वाटत होती. तिने कोडं सरळ आक्काआजीपुढे ठेवलं.

आक्का ही काही साधी आजी नव्हती. डॉ. मालन साळोखे यांनी चंद्रावरच्या तळावर अकरा वर्षं काढली होती. तिथे राहणाऱ्या माणसांच्या शरीराचं काय होतं, ते तपासणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन त्या वर्षापूर्वी गावी परतल्या, तेव्हा सोबत एकच अवजार आणलं होतं. ती होती एक पातळ राखाडी बंडी आणि तिच्या जोडीची विजार. ती अंगात घातली की माणसाच्या आतलं चित्र समोरच्या भिंतीवर उमटे, स्नायू तांबडे, हाडं निळसर, चरबी पिवळी.

त्या दुपारी आक्कांनी आबांना तो पोशाख चढवायला लावला. आबा कुरकुरले, पण थोरल्या बहिणीपुढे त्यांचं कधीच काही चाललं नव्हतं. भिंतीवर त्यांच्या मांड्या दिसू लागल्या. तांबडे धागे बारीक झाले होते आणि मध्ये मध्ये पिवळे पट्टे घुसले होते. मग आक्कांनी तोच पोशाख स्वतः घातला. त्यांच्या मांड्या आबांपेक्षा लहान होत्या, पण त्यांत तांबडा रंग गच्च भरलेला होता.

आबांनी आपल्या मांडीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “आक्का, पंधरा वर्षं मी रोज हजार बैठका मारल्यात. ती कमाई गेली कुठं?”

“काल जेवलास म्हणून आज भूक लागायची राहती व्हय रे रंगा?” आक्का म्हणाल्या.

खरी चूक तिथे होती, आणि ती पहिलवानानेच करावी अशी चूक होती. खांदा निखळल्यामुळे आबांनी चौतिसाव्या वर्षी कुस्ती सोडली. कुस्तीबरोबर जोर-बैठकाही सुटल्या. खुराक मात्र सुटला नाही. दोन लिटर दूध, वाटीभर तूप, बदामाची थंडाई, सगळं चालूच राहिलं. तरुणपणी एवढं कमावलंय की जन्मभर पुरेल, असं त्यांना वाटे. तालमीतही ते खुर्चीवर बसून तोंडाने शिकवत. त्यात घरची माणसं प्रेमळ. आबा, तुम्ही बसा, आम्ही करतो, हे वाक्य त्या घरात दिवसातून वीसदा ऐकू येई. गंपू आल्यापासून तर आबांना चप्पलही वाकून घालावी लागत नव्हती.

आक्कांनी मिनूला एकेक गोष्ट भिंतीवर दाखवत समजावली. स्नायू म्हणजे आखडणाऱ्या आणि सैल होणाऱ्या बारीक तंतूंच्या जुड्या. ते नुसते बसून असले तरी त्यांना खायला लागतं. शरीर हे काटकसरी घरधन्यासारखं आहे, बिनकामाच्या गड्याला ते फार दिवस पोसत नाही. पस्तिशी-चाळिशीनंतर स्नायू थोडे थोडे कमी होतातच, ते कुणालाच चुकत नाही, आक्कांनाही चुकलं नव्हतं. पण जो बसून राहतो त्याचे झपाट्याने कमी होतात आणि जो वापरतो त्याचे फार सावकाश.

मिनूने विचारलं की मग यातलं वयामुळे किती झालं आणि बसून राहिल्यामुळे किती, हे कसं ओळखायचं? आक्कांना प्रश्न आवडला. चंद्रावर वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकं भरतं, त्या म्हणाल्या. तिथे तिशीतली धडधाकट पोरं आली आणि व्यायाम टाळू लागली, की काही महिन्यांत त्यांच्या मांड्या म्हाताऱ्यासारख्या दिसू लागत. त्यांचं वय वाढलेलं नसे. त्यांच्या पायांवरचं ओझं तेवढं कमी झालेलं असे. म्हणून तळावर रोज दोन तास पट्टे बांधून पळायचं आणि वजनं ओढायची अशी सक्ती होती. ती सवय आक्कांनी परतल्यावरही सोडली नाही, फक्त वेळ कमी केला. पहिलवानाच्या बहिणीचं गुपित एवढंच होतं.

हाडांचंही तसंच. हाडात दोन प्रकारच्या पेशी (शरीराचे सूक्ष्म घटक) सतत राबत असतात. एक जुनं हाड पोखरते, दुसरी नवं बांधते. चालताना, उड्या मारताना, ओझं उचलताना हाडावर दाब येतो आणि बांधणारीला निरोप पोचतो की इथे काम आहे. निरोप आलाच नाही तर ती ढिली पडते आणि पोखरणारी पुढे जाते. मांडीचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. ते स्वस्थ बसले की साखर रक्तातच रेंगाळते. हृदयही स्नायूच, त्याला कधी जोरात धावावं लागलंच नाही तर चार पायऱ्यांत धाप लागते. आबांची साखर वाढलेली होती आणि धापही लागत होती. आतापर्यंत त्या दोन्हींचं खापर ते हवेवर फोडत आले होते.

“मग आता गेलंच का ते सगळं?” आबांनी विचारलं. आवाज लहान पोरासारखा आला.

आक्कांनी ठाम उत्तर दिलं. नव्वदी ओलांडलेल्या माणसांच्या पायांतसुद्धा आठ-दहा आठवड्यांच्या व्यायामाने ताकद वाढल्याचं अभ्यासात दिसलेलं आहे. पंचविशीतला रंगा परत येणार नाही. पण जमिनीवरून उठणारा रंगा येऊ शकतो. ताकद साठवून ठेवता येत नाही हे खरं, पण ती नव्याने कमवायला वयाची अटही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाचं हृदय आणि रक्तदाब तपासून घेतला आणि मग काम सुरू झालं. गंपूला हुकूम मिळाला की आबांना उचलायचं नाही. आबांनी खुर्चीतून दहा वेळा उठायचं आणि बसायचं, एवढाच पहिला धडा. एके काळी हजार बैठका मारणाऱ्या माणसाला हा धडा म्हणजे अपमानच वाटला. तिसऱ्या दिवशी त्यांनी गोठ्यात जाऊन, म्हशींच्या साक्षीने, चोरून साठ बैठका मारल्या. चौथ्या दिवशी गुडघा कलिंगडासारखा सुजला आणि दहा दिवस फुकट गेले.

आक्का रागावल्या नाहीत. स्नायू व्यायाम करताना वाढत नाहीत, व्यायामानंतरच्या विश्रांतीत वाढतात, असं त्यांनी सांगितलं. सांधे आणि कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या) तर त्याहून सावकाश तयार होतात. म्हणून काल झेपलं त्याहून किंचित जास्त, आणि मध्ये एक दिवस सोडून. आबांनी मान हलवली. आयुष्यभर ते पोरांना हेच सांगत आले होते, फक्त स्वतःला सांगायचं राहून गेलं होतं.

वैशाख सरत आला तेव्हा मिनूला नवं कोडं पडलं. आबा आता खुर्चीतून सहज उठत होते, पण भिंतीवरचं चित्र जवळजवळ तसंच होतं. तांबडं वाढलं नाही, मग ताकद आली कुठून? आक्कांनी सांगितलं की पहिल्या काही आठवड्यांत स्नायूपेक्षा मेंदू जास्त शिकतो. मेंदूकडून चेतातंतूंवाटे (निरोप नेणाऱ्या नसांवाटे) स्नायूंना हाक जाते. बरेच धागे वर्षानुवर्षं हाक न आल्यामुळे झोपलेले असतात. आधी ते जागे होतात, जाडी मागून येते. आणि तशी ती आली. ज्येष्ठात चित्रातले पिवळे पट्टे थोडे अरुंद दिसू लागले.

खुर्चीनंतर पाट आला, पाटानंतर जमीन. रोज सकाळी आबा नदीच्या बांधावरून झपाझप चालत, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. मिनू सोबत असे आणि मुद्दाम गाण्याची फर्माईश करी. तोल सुधारावा म्हणून ते भिंतीशेजारी एका पायावर उभे राहून दात घासत. तूप वाटीवरून चमच्यावर आलं. यासाठी मात्र आक्कांना तीन दिवस भांडावं लागलं.

सगळ्यांत अवघड काम, मदत न करण्याचं, घरच्यांना पडलं. आबा पाटावरून उठताना लटपटत, तेव्हा मिनूची आई दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राही.

नागपंचमीला तालमीत गाव लोटलं. ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून मळलेल्या मातीचा वास सगळीकडे भरला होता. आक्का उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. लहानपणी मातीसाठी ताकाची घागर त्याच आणून देत, पण उंबऱ्यापर्यंतच. मुलींनी हौद्याकडे जायचं नाही असा तेव्हाचा दंडक होता. पुढे दंडक गेला, मिनूसारख्या मुली आत खेळू लागल्या, पण आक्कांना आत ये असं कुणी म्हटलं नाही आणि त्याही गेल्या नाहीत.

आबा मातीत बसले. नमस्कार केला, गदा खांद्यावर घेतली आणि जोर लावला. ते अर्धे उठले आणि पुन्हा खाली बसले.

 मिनूच्या शेजारी उभ्या असलेल्या गंपूच्या छातीवरचा दिवा लाल झाला. हुकूम घरापुरता होता, एरवी कुणीही म्हातारं माणूस पडू लागलं की त्याला धरायचं ही त्याची मूळ शिकवण. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. मिनूने दोन्ही हात त्याच्या छातीवर टेकले. तिला स्वतःलाच धावत जावंसं वाटत होतं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“गंपू, थांब,” ती म्हणाली. “त्यांना येतंय.”

गंपू थांबला. आबांनी घाई केली नाही. शिकवल्याप्रमाणे ते एका कुशीला वळले, एक गुडघा मातीत टेकवला, दुसरा पाय पुढे घेतला, तळहात स्वतःच्याच मांडीवर दाबला, आणि उठले. गदा खांद्यावर होती. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या.

दरवर्षी यानंतर हलगी वाजे. यंदा आबांनी हात वर करून हलगीवाल्याला थांबवलं आणि ते सरळ उंबऱ्याशी गेले.

“आक्का,” ते म्हणाले, “आत ये. माझा वस्ताद भाईर उभा ऱ्हायलाय, बरं दिसत न्हाई.”

 आक्कांनी चप्पल काढली, ओचा खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मातीवर पाऊल ठेवलं. मांडी घालून बसल्या, नमस्कार केला आणि कशालाही हात न टेकता उठल्या. आबांनी गदा त्यांच्या खांद्यावर ठेवली. मग हलगी वाजली, आणि आक्कांना रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीच्या दारात साठी उलटलेली अकरा माणसं उभी होती, त्यांतल्या सात बायका. आक्कांनी भिंतीशी अकरा खुर्च्या मांडल्या. पहिला धडा ऐकून एकदोघांनी नाक मुरडलं, तशी आबांनी त्यांना आपल्या गुडघ्याची आणि गोठ्याची हकीकत सांगितली.

मिनू हौद्याकाठी उभी राहून हिशेब करत होती. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होईल तेव्हा २१२३ साल असेल. तेव्हा कदाचित मंगळावरही एखादी तालीम असेल, आणि तिथल्या हलक्या वजनात माती पायाखाली टिकवायची कशी हाही एक प्रश्नच असेल. वर्षं बासष्ट होती आणि बैठका आत्तापासून साठवता येणार नव्हत्या. म्हणून तिने त्या दिवशीच्या वीस बैठका मारल्या आणि शाळेत गेली.