‘चालेल’चा अर्थ

नगरपालिकेच्या लोकमत कक्षाच्या भिंतीवरचा आकडा सत्त्याऐंशीवर थांबला आणि हेमांगी बोडसच्या हातातला चहा तसाच राहिला. पालिकेचं डायलिसिस केंद्र जिल्ह्याच्या गावी हलवायला शिरंब्यातल्या सत्त्याऐंशी टक्के नागरिकांची संमती होती. हेमांगीचे वडील आठवड्यातून तीनदा त्याच केंद्रात जात. जिल्ह्याचं गाव तीन तासांवर, आणि अण्णांना गाडीत अर्धा तासही बसवत नसे.

शिरंब्यात मतदानाला कुणी फिरकत नसे, म्हणून मतप्रतिमा आणल्या होत्या. प्रत्येकाच्या फोनमधली ही प्रतिमा त्याच्याशी गप्पा मारायची, घरातलंही त्याचं बोलणं ऐकून त्याचा कल ओळखायची आणि पालिकेच्या प्रश्नांवर त्याच्या वतीनं मत द्यायची. मतदान अकरा टक्क्यांवरून थेट शंभरावर गेलं. घरबसल्या लोकशाही मिळाल्यावर उठतंय कोण?

“एवढ्या लोकांना हे हवंय?” तिनं कक्षप्रमुख ताम्हनकरांना विचारलं.

“प्रतिमांनी विचारलं, केंद्र हलवलं तर चालेल का. लोक म्हणाले, चालेल.”

“अहो सर, आपल्याकडे गार चहालाही चालेल म्हणतात. ती काय संमती झाली?”

“प्रतिमांच्या अर्थकोशात तसंच आहे. आणि कोश तुमचाच आहे, मॅडम.”

खरंच होतं. चार वर्षांपूर्वी भाषातज्ज्ञ म्हणून तिनंच तो रचला होता. ‘चालेल’ म्हणजे होकार, ‘बघू’ म्हणजे नकार. मराठी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, बघू म्हणतो, हे यंत्राला शिकवल्याबद्दल तिला शाल-श्रीफळही मिळालं होतं. आता आपलेच दात अन् आपलेच ओठ.

“मी कोश दुरुस्त करते.”

“तुम्हाला एकटीला अधिकार नाही. लोकांना विचारावं लागेल. पाच वाजेपर्यंत वेळ आहे.”

तिनं चाळीस हजार नागरिकांना कळकळीनं लिहिलं. ‘चालेल’ला होकार धरू नये आणि केंद्रासाठी पुन्हा मत घ्यावं, याला पाठिंबा द्याल का? भराभर उत्तरं येऊ लागली. ‘वाचून बघू.’ ‘घरी विचारून बघू.’ ‘बघू.’ लोक निदान वाचणार तरी आहेत, या विचारानं तिला हायसं वाटलं. मग भिंतीवर नकारांचा आकडा चढू लागला.

“सर, हे लोक खरंच बघणार आहेत हो.”

ताम्हनकर तसे वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. “असतीलही. पण यंत्राला आपण काय शिकवलंय?”

पाच वाजता दुरुस्ती फेटाळली गेली.

घरी अण्णा पलंगावर पडले होते. ती त्यांच्याजवळ बसली. “अण्णा, पुढच्या आठवड्यापासून आपल्याला जिल्ह्याला जावं लागेल. जमेल का तुम्हाला?”

अण्णांनी सुजलेले पाय हळूच पांघरुणाखाली ओढून घेतले, तिला दिसू नयेत म्हणून.

“चालेल गं,” ते म्हणाले.

उशाशी ठेवलेल्या त्यांच्या फोनवर हिरवा दिवा लागला. संमती नोंदवली गेली होती.