मागच्या खोलीतला पाइप

जुनं घर नवं करायला काढलं की आधी सल्ले येतात, सिमेंट मागाहून. मखमलाबाद रस्त्यावरच्या चांदवडकरांकडे त्या जूनमध्ये सल्ल्यांचा नुसता सुकाळ झाला होता. दिवाकर चांदवडकर म्हणजे देवमाणूस, पण ज्याला त्याला विचारत सुटायची भारी खोड. दूधवाल्याला विचारलं, फरशी कुठली घालू. रिक्षावाल्याला विचारलं, गच्ची गळते तिला काय करू. आणि मग घरी येऊन प्रत्येकाचं म्हणणं बायकोला ऐकवायचं.

मालिनीबाईंचा मात्र कोणावरच भरवसा नव्हता. त्यांनी तीस वर्षं मनमाड जंक्शनवर तिकीट तपासनिसाची नोकरी केली होती. माणूस खिशात हात घालायच्या आतच त्याच्याकडे तिकीट आहे की नाही ते आपल्याला कळतं, असं त्या सांगायच्या, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं. निवृत्तीनंतर नवरा-बायकोंनी हे पन्नास वर्षांचं बैठं घर विकत घेतलं, तेव्हाही मालिनीबाईंनी कागद चार वेळा वाचले होते. पूर्वी इथे द्राक्षांच्या आणि पेरूच्या बागा होत्या, एवढंच त्यांना घराबद्दल ठाऊक होतं.

घाई होती ती स्वानंदीसाठी. त्यांची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून येणार होती. खरं तर पहिलं म्हणायचं एवढंच. दोन वर्षांपूर्वीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं, आणि त्यानंतरचे दिवस आठवले की मालिनीबाईंना अजून घास गिळवत नसे. या खेपेला काही म्हणता काही वाकडं होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. मागची खोली शांत, तिच्याच एका कोपऱ्यात कमोडचं बाथरूम काढायचं, म्हणजे पोरीला रात्री-अपरात्री अंगणातल्या संडासापर्यंत जायला नको.

सल्ल्यासाठी दिवाकररावांच्या मित्राची मुलगी दिशा आली. ती आर्किटेक्ट होती. हातातल्या यंत्रातून भिंतीवर लाल ठिपका पाडायची आणि अंतर सांगायची. ती गेल्यावर मालिनीबाईंनी तीच भिंत टेपने मोजून पाहिली. माप बरोबर निघालं, तरी त्यांचं समाधान झालं नाही.

मागच्या खोलीतलं लाकडी कपाट हलवलं तेव्हा कोपऱ्यातला पाइप दिसला. मनगटाहून जाड, लोखंडी, फरशीतून निघून स्लॅबमधून वर गेलेला. त्यावर डिस्टेंपरचे इतके हात चढले होते की तो भिंतीचाच भाग वाटत होता.

"हा कशाचा, काकू?" दिशाने विचारलं.

"मला काय माहीत? तूच सांग."

दिशाने गच्चीवर जाऊन पाहिलं. पाइप वर हातभर उघडा होता आणि कशालाही जोडलेला नव्हता. "जुना काहीतरी असेल. कापून टाकू. कमोड नेमका इथेच बसतोय."

काम सहादू गवंड्याकडे होतं. पेठ तालुक्याकडचा माणूस, पन्नाशीचा, बोलणं मोजकं. त्याने थापीच्या दांड्याने पाइपवर हळूच टकटक केलं, मग गाल टेकवून बराच वेळ तसाच उभा राहिला.

"बाई, ह्याला हात नका लावू."

"का?"

"खाली इहीर हाय. पाणी असलेली इहीर बुजवली, का असा पाइप ठेवत्यात. तिला दम टाकाया."

"विहिरीला दम?"

"पाणी मेलेलं नसतंय, बाई. नुसतं झाकलेलं असतं. कोंडलं, तर ती दुसरीकडून दम घेती."

मालिनीबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. बिनतिकिटाचे लोक असेच गंभीर चेहऱ्याने बोलतात. बाथरूम पलीकडच्या भिंतीला सरकलं की याचं निम्मं खोदकाम वाचतं, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं.

तरी दुपारी तीनच्या सुमारास त्या एकट्या गच्चीवर गेल्या. वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून त्यांनी पाइपच्या तोंडाशी धरली. पट्टी आत ओढली गेली. थोडा वेळ तशीच ताणून राहिली, मग सैल पडली, आणि हळूहळू वर उचलली गेली. पाइपातून गार हवा येत होती, तिला नव्या माठातल्या पाण्यासारखा वास होता. मालिनीबाईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं. सहादू खालून फुंकत असणार अशी त्यांची खात्री होती. सहादू अंगणात बसून भाकरी खात होता.

दिशाला फोन केला तर ती हसली. "हवेचा दाब बदलतो ना, काकू. बंद विहिरीत असं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही."

"मी घाबरले असं तुला कोणी सांगितलं?" मालिनीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी सहादू म्हणाला, घरी भाताची आवणी आलीय, रोपं लावायला आठवडाभर गावाला जातो. "तवर पाइपला हात नका लावू. मी आल्यावर बघू, वाकवून बाहेर काढता आला तर."

त्याच संध्याकाळी स्वानंदीचा फोन आला. प्रवास करायचा तर आत्ताच करा, नंतर नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती रविवारी येणार होती. मालिनीबाईंचं डोकं फिरलं. याला नेमकी आत्ताच आवणी कशी आली? आपल्याला अडवून धरायचा हा डाव आहे, दुसरं काही नाही.

"थांबूया का त्याच्यासाठी?" दिवाकररावांनी विचारलं. "दिशा एक सांगते, तो एक सांगतो..."

"मी सांगते ते ऐका. पोर रविवारी येतेय."

यादव प्लंबर दुसऱ्या दिवशी आला. ग्राइंडर लावून त्याने पाइप फरशीखालून कापला, स्लॅबचं भोक बुजवलं. काम करताना त्याने दोनदा मशीन बंद करून मागे पाहिलं.

"मॅडम, आवाज दिला का?"

"नाही. तुम्ही काम करा."

पण मशीन बंद झाल्यावरही खोलीत एक लांब, खालचा आवाज चालू होता, तो मालिनीबाईंनाही ऐकू येत होता. यादवने पाइपच्या तोंडात काँक्रीट ठासलं तेव्हा तो थांबला. वर पांढरी फरशी बसली. कमोड कोपऱ्यापासून वीतभर अलीकडे बसला आणि बाथरूम झकास दिसू लागलं.

दुसऱ्या सकाळी देवापुढे उदबत्ती लावली, तर धूर वर जाण्याऐवजी आडवा झाला आणि मागच्या खोलीकडे गेला. यादवने बाथरूममध्ये हवा बाहेर टाकणारा पंखा बसवला होता, तो मालिनीबाईंनी तपासला, तो बंदच होता. दिवाकरराव खिडकी उघडी टाकतात असा त्यांना संशय आला, म्हणून घरातल्या सगळ्या खिडक्या त्यांनी स्वतः लावल्या. धूर तिकडेच चालला. दुपारी मागच्या खोलीचं दार आपोआप आत ओढलं गेलं, थांबलं, आणि सावकाश परत आलं. मालिनीबाई स्वयंपाकघरातून बघत राहिल्या. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर चूक आपली, हे कबूल करावं लागलं असतं.

रविवारी स्वानंदी आली. खोली पाहून खूश झाली. आईच्या गळ्यात पडली.

"पुण्यात डोळ्याला डोळा लागत नव्हता गं," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "इथे पडलं की झोपच."

मालिनीबाईंना बरं वाटलं. पण तिसऱ्या दिवशी ती नाश्त्यानंतर झोपली ती जेवायलाच उठली, आणि जेवून पुन्हा झोपली. चेहरा टवटवीत होता, फक्त हात गार लागत होते.

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं होतं. दिवाकरराव औषधं आणायला गेले होते. मालिनीबाई लेकीच्या पलंगाशेजारी मेथी निवडत बसल्या. खोलीत नुसता श्वासाचा आवाज होता. आत... मग बराच वेळ काही नाही... मग बाहेर.

श्वास आत जाताना दार ओढलं जायचं. बाहेर येताना दार परत जायचं.

मालिनीबाई उठल्या आणि दाराला कडी घातली. वारा असेल तर आता कळेल. त्या परत येऊन बसल्या, आणि त्यांची नजर दारावरून लेकीवर आली.

स्वानंदीची छाती हलत नव्हती.

ओठ किंचित उघडे होते. श्वासाचा आवाज तिथूनच येत होता. पण छाती स्थिर, आणि खालचं भरलेलं पोट मात्र सावकाश वर येत होतं... थांबत होतं... खाली जात होतं. मालिनीबाईंनी तिच्या तोंडापुढे हात धरला. गार हवा लागली. नव्या माठाचा वास आला.

"स्वानंदी... अगं..."

खांदे धरून हलवलं, गालावर चापट मारली. पोट वर आलं, थांबलं.

मालिनीबाई कडी काढून धावत अंगणात गेल्या. सहादू तिथे ठेवून गेलेल्या हत्यारांच्या पिशवीतून छिन्नी-हातोडा घेतला आणि बाथरूमच्या कोपऱ्यात फरशीवर घाव घालायला सुरुवात केली. फरशीचे तुकडे उडाले, बोटं फुटली. खाली यादवने दोन बोटं जाडीचंच काँक्रीट घातलं होतं. एरवी ही लबाडी धरून त्यांनी त्याला उभा-आडवा झोडपला असता. आज त्यांनी मनातल्या मनात त्याचे पाय धरले. चौथ्या घावाला ते बूच फुटून खाली गेलं. खाली पडल्याचा आवाज आला नाही.

"आई? काय तोडतेस?" स्वानंदी दारात उभी होती, डोळे चोळत. "किती छान झोप लागली होती..."

मालिनीबाईंनी तिला मिठी मारली आणि त्या ढसाढसा रडल्या. त्याच दिवशी स्वानंदीचा पलंग समोरच्या खोलीत गेला.

सहादूला फोन केला. तो दुसऱ्या सकाळी आला, पायावर शेताचा चिखल तसाच. काही न विचारता कोपऱ्यात ओणवा झाला आणि भोकावर तळवा धरला. खूप वेळ धरला.

"मोकळी केलीत, बरं केलं," तो म्हणाला. "पण आत काय नाय."

"नाही म्हणजे?"

"दम नाय, बाई. इहीर थंड पडली."

"मग गेला कुठे?" मालिनीबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

तेवढ्यात स्वानंदी कमरेवर हात ठेवून बाहेर आली. सहादू उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले. लेकीला नमस्कार केला असं दिवाकररावांना वाटलं, ते कौतुकाने हसले. सहादूचे डोळे कुठे होते ते मालिनीबाईंनी पाहिलं होतं. तो चहा न घेताच गेला. पुन्हा आला नाही.

सप्टेंबरात स्वानंदीला मुलगी झाली. तीन किलो, गुलाबी, डोक्यावर दाट जावळ. जन्मताच एकदा रडली, तेवढीच. दिवाकररावांनी दवाखान्यात दिसेल त्याला पेढा दिला. स्वानंदी दमली होती, पण तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी पहिल्यांदाच सुख दिसत होतं.

सकाळी दहाला सिस्टर बाळाला तपासायला आली. घड्याळ बघून श्वास मोजायला लागली, तोच शेजारच्या खाटेवरून कोणी तिला हाक मारली, तशी जाता जाता ती मालिनीबाईंकडे वळली.

"आजी, तुमच्याकडे घड्याळ आहे ना? मिनिटात श्वास किती होतात तेवढे मोजून ठेवा. चाळीसच्या पुढे हवेत. कमी असले तर काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

मालिनीबाईंनी घड्याळ पुढे घेतलं आणि दुसरा हात बाळाच्या पोटावर ठेवला. पोट सावकाश वर आलं. थांबलं. काटा चालत राहिला. बाळ शांत झोपलं होतं, ओठ लाल, गाल लाल, कसलाही त्रास नाही. पोट खाली गेलं. पलीकडे स्वानंदी उशीवर मान वळवून लेकीकडे बघत होती, आणि हसत होती.

मिनिट भरलं. तीन श्वास झाले होते.

"किती, आजी?" सिस्टर पेन काढून उभी होती.

तीस वर्षांत मालिनीबाईंनी एकाही माणसाला खोटं बोलून सुटू दिलं नव्हतं.

"चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या, आणि सिस्टरने लिहून घेतलं.