ताईचं पान

प्रकाशन संस्थेच्या साइटवर प्रत्येक माणसाचं एक पान होतं. ती पानं सांभाळायचं काम त्याच्याकडे, म्हणजे मुकाट राबायचं आणि वर बोलणी खायची. पानाच्या माथ्यावर टॅग लिहायचा: ‘कार्यरत’, ‘निवृत्त’ किंवा ‘दिवंगत’. साइट पुन्हा बिल्ड केली, म्हणजे सगळी पानं नव्याने तयार करून घेतली, की त्या त्या टॅगची यादी आपोआप तयार व्हायची. नवं पान करताना तो जुन्याचीच नक्कल करून नाव बदलायचा. त्यात कधी जुना टॅग तसाच राहून जाई.

म्हणूनच ‘दिवंगत’च्या यादीत बाइंडरकाकांचं नाव दिसलं, तेव्हा त्याने स्वतःच्या आळसाला दोष दिला. पान उघडलं. टॅग ‘कार्यरत’. दोनदा बिल्ड करूनही यादीतलं नाव हललं नाही. तिसऱ्या दिवशी काका गेले.

पुढच्या महिन्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाई. त्याही तिसऱ्याच दिवशी.

मग एका सोमवारी सकाळी, चहा निवायच्या आत, यादीत ताई दिसली. त्याची सख्खी बहीण, संस्थेसाठी अनुवाद करणारी. वडिलांच्या घरात तिने वाटा मागितला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद. त्याने नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. दरवेळी पडतं आपणच का घ्यायचं? मनातली अढी जागची हलेना.

“काय रे, चेहरा का उतरलाय?” शेजारच्या टेबलावरच्या चित्रकार बाईंनी विचारलं.

“काही नाही. एक पान काढून टाकायचंय.”

“कुणाचं?”

तो स्क्रीनकडे वळला. पानच नसलं तर टॅग चिकटणार कशाला? त्याने ताईचं पान पुसलं आणि बिल्ड केलं. यादीतून नाव गेलं. बहीण वाचली, फोनही करावा लागला नाही. तो स्वतःवरच खूश झाला.

चौथ्या दिवशी मात्र राहवेना. त्याने भावजींना फोन लावला.

“ताई बरी आहे ना?”

“कोण ताई?” आवाज भावजींचाच होता. “माझं लग्न झालेलं नाही. नंबर चुकलाय तुमचा.”

तो तडक घरी आला. आई भाजी निवडत होती.

“आई, ताई...”

“कुठली ताई? एकुलता एक तू.”

वडील दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंची मांडायचे. डाव्या बाजूला ताईची, उजव्या बाजूला त्याची.

उजवीकडे त्याच्या रेघा होत्या.

डावी बाजू कोरी होती. घर आता सगळं त्याचं होतं.