पुढचा आणि मागची

काल तिने कादंबरी बाविसाव्या पानावर सोडली होती. आज फोनवर उघडली, तर एकसष्टावं पान. मधली पानं वाचली कोणी?

कागदाशिवाय वाचन म्हणजे वाचनच नव्हे, असं ती वर्गात छातीठोकपणे सांगायची. मैत्रिणी तिला 'कागदी'च म्हणायच्या. पण कॉलेजच्या ग्रंथालयातली या कादंबरीची एकुलती एक प्रत बांधणीला गेली होती, आणि ग्रंथपाल बाईंनी तोवर महिन्यापुरती डिजिटल प्रत घेतली होती. खातं एकच, पासवर्ड एकच. नाक मुरडत का होईना, कागदीने ते उघडलं होतं. आणि आता कळत होतं, की आणखी कोणीतरी तेच वाचतंय, आणि शेवटी वाचणाऱ्याच्या पानावरच पुस्तक उघडतं.

तीन दिवस हा लपंडाव सोसून तिने समासात टीप लिहिली – "जे कोणी असाल, माझं पान हलवू नका. मी सावकाश वाचते."

संध्याकाळी खाली उत्तर होतं. "पान माझंही हलतंय. मी भराभर वाचतो. थांबू का?"

वाचतो... म्हणजे मुलगा. तिने उगाचच केस मागे सारले, जणू तो समासातून बघत होता.

"थांबा. पण शेवट सांगितलात तर याद राखा."

"नाही सांगत. नव्वदाव्या पानाला रुमाल जवळ ठेवा."

रुमाल लागला. तिने तसं कबूलही केलं. त्याने लिहिलं, "मलाही लागला होता. बसमध्ये. शेजारचे काका विचारत होते, घरी सगळं ठीक आहे ना?" ती भर तासाला फिस्सकन हसली आणि तिने सरांची बोलणी खाल्ली.

मग तो 'पुढचा' झाला, ती 'मागची'. अहो-जाहो कुठल्या पानावर सुटलं, ते दोघांनाही आठवलं नसतं.

"फोनवर वाचलेलं लक्षात तरी राहतं का रे?" तिने एकदा डिवचलं.

"तू राहतेस की."

ते तीन शब्द तिने दिवसभरात चारदा उघडून वाचले. शेवटी तिने विचारलं, कागद का नको? पुस्तकाला वास असतो, तो फोनला कुठून येणार? त्याने पहिल्यांदाच लांबलचक लिहिलं. दीड तास जायला, दीड तास यायला. एक हात दांडीला, तर पान उलटायला एक अंगठाच उरतो. मी पोचतो तेव्हा तास सुरू झालेला असतो, निघतो तेव्हा ग्रंथालय बंद. फोन नसता, तर मी वाचलंच नसतं गं.

कागदी कॉलेजपासून पाच मिनिटांवर राहायची. पुस्तक वाचायला आपल्याला टेबल मिळतं, खुर्ची मिळते, हे आजवर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला स्वतःच्या छातीठोकपणाची लाज वाटली.

पुस्तक संपत आलं, तसे दोघेही रेंगाळू लागले. दिवसाला एक पान... मग अर्धं. एकशे त्रेचाळीसाव्या पानावर गाडी अडली ती अडलीच.

आणि बाईंनी फळ्यावर सूचना लावली. छापील प्रत शनिवारी येणार, डिजिटल खातं शुक्रवारी पाचला बंद.

"बाई, दुसरं कोण वाचतंय हो ते?"

"कोण काय वाचतं, ते मी कोणाला सांगत नसते."

शुक्रवारी ती साडेचारला लिहायला बसली. लिहिलं, खोडलं. 'उद्या ये ना' फार आगाऊ वाटलं, 'भेटू कधीतरी' फार कोरडं. मनासारखं जमलं तेव्हा पाच वाजून गेले होते. पडद्यावर दोनच शब्द होते, मुदत संपली. तिला रडू कोसळलं. नाव नाही, नंबर नाही, शोधायचं तरी कसं?

शनिवारी ती ग्रंथालयात गेली ती जड पावलांनी. नव्या पुठ्ठ्याच्या त्या पुस्तकातलं एकशे त्रेचाळीसावं पान तिने उघडलं, आणि तिथे समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं – "मागची, तू कागदाकडेच येणार. मी पहिल्या बसने आलोय. इथेच आहे."

"लिहिणारा तो तिकडे बसलाय," बाई चष्म्यावरून म्हणाल्या. "शिक्षा म्हणून कपाटभर पुस्तकांतली पेन्सिल खोडायला बसवलंय त्याला."

कोपऱ्यात एक उंच मुलगा खाली मान घालून खोडरबर चालवत होता. बाह्यांवर रबराचा भुगा. तिने पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं.

"पुढचा?"

तो धडपडत उठला. "मागची... खरंच वास येतो गं पुस्तकाला."

"तो डिंकाचा आहे."

"असेल. छान आहे."

समासात किती सोपं होतं सगळं... "काल मी लिहीत होते," ती म्हणाली, "तेवढ्यात बंद झालं."

"काय लिहीत होतीस?"

"बरंच काय काय. पण म्हणायचं एवढंच होतं – मला तू आवडतोस."

त्याच्या हातातला रबर खाली पडला. "मी तर फक्त 'इथेच आहे' एवढंच लिहू शकलो," तो हळूच म्हणाला. "पण अर्थ तोच होता."

"ते पान खोडायचं राहिलंय," काउंटरवरून बाईंचा आवाज आला.

तिने पानावर तळहात ठेवला. "राहू द्या ना, बाई. अजून वाचून व्हायचंय."

बाईंनी नुसताच सुस्कारा टाकला. दोघे शेजारी बसले. ती सावकाश वाचत होती. त्याचं पान केव्हाच वाचून झालं होतं, ते त्याच्या डोळ्यांवरून तिला कळत होतं. पण ती 'हं' म्हणेपर्यंत त्याने पान उलटलं नाही.