टेकडीवरचा वॉर्ड

गुरुवारी सिस्टरला सुट्टी होती आणि त्या दिवसाचं काम एकच होतं. टेकडीवर जायचं, रविवारी हरवलेला ड्रोन शोधायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं. इतकं साधं.

हाडांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढल्यावर तिचं खरं नाव लोक विसरून गेले होते. भाजीवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळे सिस्टरच म्हणायचे. ड्रोन खरं तर तिचा नव्हेच, नवऱ्याचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर अंधाऱ्या खड्ड्यांत ग्रीसने हात माखून घेतल्यावर सुट्टीच्या दिवशी त्याला आभाळ लागायचं. "जन्मभर लोकांना वर पाठवलं, आता जरा मीही वर जातो," असं म्हणत तो ड्रोन घेऊन गच्चीवर चढायचा. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी बूट घालता घालता तो बसल्या जागी गेला. एक बूट पायात, एक हातात.

त्याचा शेवटचा व्हिडिओ त्या ड्रोनच्या कार्डात होता. गच्चीवर उभा राहून तो वर बघत हात हलवतो आणि काहीतरी बोलतो. आवाज नाही, नुसते ओठ हलतात. तो व्हिडिओ दुसरीकडे उतरवून ठेवायचं सिस्टर रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं. कार्ड त्याने स्वतःच्या हाताने बसवलं होतं, ते काढवत नव्हतं. दर रविवारी संध्याकाळी ती कालव्याकाठच्या मैदानावर जाऊन ड्रोन उडवायची. चुकतमाकत का होईना, जमायला लागलं होतं. आणि गेल्या रविवारी वारा सुटला, ड्रोन टेकडीच्या बाजूला ओढला गेला, फोनच्या पडद्यावर एक लांबलचक छप्पर झपकन जवळ आलं आणि मग सगळं राखाडी.

नकाशावर शेवटचा ठिपका दिसत होता टेकडीवरच्या बंद इस्पितळावर. पूर्वी तिथे क्षयाचे रोगी ठेवत. औषधं निघाली, रोगी कमी झाले, दारं लागली. त्यालाही चाळीसेक वर्षं झाली असतील.

"एकटी जाऊ नकोस, वहिनी. मी येते," असं नणंदेने परस्परच ठरवून टाकलं होतं. नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. बायकांचे कपडे शिवायचं दुकान चालवायची. वयाने लहान असली तरी सिस्टर तिला ताईच म्हणायची, अहोजाहो करायची. ताई गळ्यात मापाची टेप तशीच घेऊन आल्या होत्या.

"टेप कशाला?" सिस्टरने विचारलं.

"अगं, राहिली. दुकानातून तशीच निघाले. असू दे, भूत भेटलं तर माप घेईन."

दोघी हसल्या. चढ चढेपर्यंत ताईंचं तोंड चालूच होतं. इस्पितळाच्या आवारात पाऊल टाकलं तेव्हा ते आपोआप बंद झालं.

इमारत दुमजली होती, लांबच लांब. मोडक्या फाटकातून आत आल्यावर आधी त्यांनी छपराखाली, झुडपांत, पन्हाळीच्या पाइपापाशी बघितलं. ड्रोनच्या पंख्याचं एक तुटलेलं पातं तेवढं गवतात सापडलं. वरच्या मजल्याची एक काच फुटली होती. भोक ताजं होतं, कडा अजून चमकत होत्या.

"आत गेलाय," सिस्टर म्हणाली.

ड्रोन सापडत नसेल तर फोनवरून त्याला शिट्टी वाजवायला लावता येते, हे नवऱ्याने तिला शिकवलं होतं. तिने उगाच बटण दाबलं. उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक होतं.

वरच्या मजल्यावरून आवाज आला. टीं... टीं... टीं...

ताईंचा चेहरा उजळला. "वाजला गं! वाजला!"

सिस्टर जिन्याकडे निघाली. पायऱ्यांपाशी पोचल्यावर तिने हळूच सांगितलं, "ताई, ह्याची बॅटरी अर्धा तास चालते."

"मग?"

"आज चौथा दिवस आहे."

ताईंनी तिच्याकडे बघितलं, मग जिन्याकडे. जिन्यावर बोटभर धूळ होती, अख्खी, न मोडलेली. त्यावर कुणाच्या पावलाचा ठसा नव्हता. "म्हणजे वर कोणी गेलेलं नाही," ताई म्हणाल्या. बोलताना त्यांना धीर आला असावा. सिस्टरला तो आला नाही. पण कार्ड वर होतं.

जिना संपला आणि तिथेच धूळही संपली.

लांब बोळ होता. दोन्हीकडे रंग उडालेल्या भिंती, पापुद्रे सुटलेले. पण खालची फरशी पुसलेली होती. नुसती स्वच्छ नव्हे, ओलसर. आणि वास... तो वास सिस्टरने झोपेतही ओळखला असता. फिनेल, स्पिरिट आणि उकळलेल्या सुयांचा तो जुना, वाफेचा वास. ती शिकाऊ असताना वॉर्डात असा वास असायचा. सुया उकळणं बंद झालं त्यालाही किती वर्षं लोटली.

"इथं कोणी राहतं का गं?" ताई कुजबुजल्या.

"कोणी आहे का?" सिस्टरने मोठ्याने विचारलं. तिचा आवाज बोळातून गेला आणि परत आलाच नाही.

बोळाच्या टोकाला वॉर्ड होता. दार नुसतं लोटलेलं. आत लांबलचक रिकामी खोली, दोन्ही भिंतींवर ओळीने खाटांचे नंबर रंगवलेले, आणि खाली खाटाच नाहीत. सगळं सामान कधीच कोणीतरी उचलून नेलं असावं. पार शेवटी, खिडकीजवळ, एकच लोखंडी खाट होती.

खाटेवर पांढरी चादर होती. चादरीखाली काहीतरी लहान निजलं होतं.

ताईंनी सिस्टरचा दंड धरला. दोघी चालत गेल्या. सिस्टर नंतर सांगायची, की त्या वीसेक पावलांत तिला फक्त आपल्या चपलांचा आवाज आठवतो.

उशीवर ड्रोन होता. गळ्यापर्यंत चादर ओढलेली, कॅमेऱ्याचा डोळा तेवढा बाहेर. चादरीचे कोपरे तिरके दुमडून गादीखाली घट्ट खोचलेले होते. तिच्या पहिल्या मेट्रनबाई पट्टी मारून मारून शिकवायच्या तसे. आता तसे कोणी खोचत नाही, कोणाला वेळ नाही.

सिस्टरने चादर बाजूला केली. ड्रोनचा पुढचा उजवा हात छपरावर आपटून मोडला होता, हे उघड होतं. कारण त्या हाताला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या लावून वरून पांढरंशुभ्र बँडेज बांधलं होतं. वेढ्यावर वेढा, सारख्या अंतराने, कुठे सुरकुती नाही. तेच बँडेज पुढे जाऊन पोटाभोवतीही गुंडाळलं होतं. काम पक्कं होतं. तिच्या वॉर्डातल्या कुठल्याही पोरीला इतकं सुबक जमलं नसतं.

बॅटरीचे चारही दिवे लागले होते. पूर्ण भरलेली.

"ही कसली थट्टा आहे?" ताई म्हणाल्या. "कुणीतरी मुद्दाम..."

खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला होता. सिस्टरने सवयीने तो हातात घेतला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या नमुन्याचा छापील कागद, पिवळा पडलेला. शाई मात्र निळीभोर. नावाच्या जागी रेघ. दाखल: रविवार, सायंकाळ. निदान: उजवा हात मोडला. खाली सकाळ-सायंकाळच्या नोंदी, नीट, तिरप्या अक्षरात.

सोमवार, सकाळी सहा. झोप लागली.
सोमवार, सायंकाळी सहा. वेदना कमी. भेटायला कोणी आलं नाही.
मंगळवार, सकाळी सहा. आहार घेतला.

अशा बुधवारपर्यंत. आज सकाळचीही होती. सगळ्यांत खाली लाल शाईने लिहिलं होतं: *हलवू नये.*

आजची संध्याकाळची जागा रिकामी होती.

सिस्टरने मनगटावरच्या घड्याळात बघितलं. सहाला तीन मिनिटं कमी होती.

"ताई, चला."

"कार्ड काढ आधी. त्याच्यासाठी आलोय ना आपण?"

"बँडेजच्या आत आहे. सोडत बसायला वेळ नाही." तिने ड्रोन तसाच चादरीसकट उचलला आणि छातीशी धरला. का कोण जाणे, मोडका हात वर येईल असा धरला. हातानेच ते केलं, तिने नाही.

त्याच वेळी बोळात ट्रॉलीचं चाक कुरकुरलं.

औषधांच्या ट्रॉलीचा आवाज काय असतो, हे ज्याने रात्रपाळ्या केल्या आहेत त्याला सांगावं लागत नाही. एक चाक कुरकुरतं, बाटल्या एकमेकींना लागून किणकिणतात. आवाज घाईत नव्हता. तो दारापर्यंत आला. दार हललं नाही, तरी आवाज आत आला.

कुर्र... किण... किण... आणि थांबला.

पहिल्या नंबरापाशी.

दोघी बघत होत्या. समोर काही नव्हतं. संध्याकाळचं तांबूस ऊन आडवं पसरलं होतं आणि त्यात धुळीचा एक कणही हलत नव्हता. मग पुन्हा कुर्र... दोन हातांवर पुन्हा थांबला. दुसऱ्या नंबरापाशी.

"वहिनी..." ताई कुजबुजल्या. "हे काय करतंय?"

"राउंड," सिस्टर म्हणाली. "प्रत्येकाला बघत येतंय."

तिसरा. चौथा. रिकाम्या जागेपाशी थांबायचं, जेवढा वेळ नाडी बघायला लागतो तेवढा. मग पुढचा. आल्या वाटेने जाता येणार नव्हतं. सिस्टरने मागे बघितलं. खिडकीच्या बाजूला व्हरांड्याचं दार होतं, कडी गंजलेली. ताईंनी दोन्ही हातांनी कडी ओढली. पहिल्यांदा हलली नाही, दुसऱ्यांदाही नाही. मागे नववा नंबर झाला, दहावा झाला...

तिसऱ्या हिसड्याला कडी सुटली. बाहेर गोल लोखंडी जिना होता. ताई पुढे, सिस्टर मागे, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात ते गाठोडं. अर्ध्या जिन्यावर असताना वरून आवाज थांबल्याचं तिला जाणवलं. रिकाम्या खाटेपाशी थांबला असणार. आता पुढे काय होईल म्हणून तिने कान टवकारले. कोणी ओरडलं नाही. कोणी मागे धावलं नाही. फक्त कागदावर टाक चालावा तसा बारीक आवाज आला, बराच वेळ.

टेकडी उतरून दोघी थेट सिस्टरच्या घरी आल्या. घरात शिरल्यावर ताईंनी सगळे दिवे लावले, मोरीतलासुद्धा. सिस्टरने कात्रीने बँडेज कापलं. आतला हात कुठे मोडला होता ते शोधूनही सापडेना. तिथलं प्लास्टिक मात्र कोमट होतं, अंगात कणकण असावी तसं.

कार्ड निघालं. व्हिडिओ होता.

तो गच्चीवर उभा होता, बंडीवर, केस विस्कटलेले. वर बघून हात हलवत होता. ताई पडद्याला नाक लावून बघत राहिल्या. "दादाला मी दोनदा सांगितलं होतं, दाढी कर म्हणून," त्या म्हणाल्या आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागल्या. सिस्टरही रडली. पाच महिन्यांत पहिल्यांदा पोटभर रडली. मग तिने तो व्हिडिओ तीन ठिकाणी उतरवून ठेवला, ताईंच्या फोनवरही पाठवला. चादर, पट्ट्या आणि बँडेज दोघींनी अंगणात नेऊन जाळलं. ड्रोन कपाटात गेला.

"झालं ते झालं," ताई जाताना म्हणाल्या. "आपलं होतं, आपण आणलं. कुणाचं काही चोरलं नाही."

त्या बोलण्याने सिस्टरला बरं वाटलं. शुक्रवारी ती कामावर गेली. शनिवारीही गेली. दोन प्लास्टर, एक वजन लावलेला पाय, एक आजोबा जे रोज घरी जायचा हट्ट धरायचे. कामाने माणूस जागेवर येतो. रविवारी तिला स्वप्नही पडलं नाही.

सोमवारी दुपारी इस्पितळाचे फोन सांभाळणारी ऑपरेटर जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात आली. गप्पिष्ट बाई, सगळ्यांची खबर ठेवणारी. "सिस्टर, तुमच्याकडे कोण आजारी आहे का हो?"

"नाही. का?"

"सकाळपासून तीनदा फोन आला तुमच्यासाठी. एक बाई. आवाज वयस्कर, पण एकदम शिस्तीचा. विचारत होत्या, पेशंटचा ताप उतरला का."

सिस्टरने हातातला ट्रे टेबलावर ठेवला. "तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? सिस्टर कामात आहेत म्हटलं. तर म्हणाल्या, असू दे, न सांगता नेलंय ते मला माहीत आहे, मी रागावलेली नाही. पट्टी तेवढी कुणी सोडली असेल तर पुन्हा बांधावी लागेल, आज संध्याकाळी सहाला येते म्हणाल्या."

"कुठून... कुठून बोलत होत्या?"

"तेच तर विचारायला आले मी." ऑपरेटर जरा जवळ सरकली. "बाहेरचा फोन नव्हता तो. आतल्या लाइनवरून आला. मला वाटलं एखादी नवीन मेट्रन आली असेल. म्हणून विचारलं, बाई, कुठल्या वॉर्डातून बोलताय? तर म्हणाल्या..."

तिने आवाज खाली आणला.

"म्हणाल्या, सिस्टर जिथे उभी आहे ना, तिच्या मागच्या खाटेवरून."