बेकरीवाल्याचे दुपारचे पाव

जगातल्या प्रत्येक देशात गणिताचं पुस्तक मुलांना विचार करायला शिकवतं. चिमणी सकाळपासून विचारच करत होती, आणि म्हणूनच तिला खुर्चीवरून उठायची बंदी होती.

“उत्तर जुळल्याशिवाय तळ्यावर जायचं नाही!” काकांनी फर्मावलं होतं. काका पाठ्यपुस्तक मंडळावर होते. पुस्तक त्यांनीच तयार केलेलं.

“होडी सुटेल गं!” तिचा भाऊ टकल्या दारात नुसता नाचत होता. “खरड ना काहीतरी!”

“काय खरडू? ‘बेकरीवाल्याने सकाळी चाळीस पाव भाजले. दुपारी आणखी काही भाजले. रात्री बारा उरले. तर किती विकले?’ दुपारचे किती, ते सांगितलंय कुठे?”

“मागे उत्तर आहे, अठ्ठावीस. लिही आणि चल!”

“मग दुपारचे पाव गेले कुठे? त्यानेच खाल्ले?”

त्यांची ताई तडक काकांच्या खोलीत घुसली. तिथे देशोदेशींची गणिताची पुस्तकं रचलेली होती. एकात एक गणित सोडवून दाखवलेलं आणि खाली तसल्याच गणितांची रांग. दुसऱ्यात अख्ख्या पानावर एकच गणित, पण तीन मुलांनी तीन रीतींनी सोडवलेलं. तिसरं उघडलं आणि ताई किंचाळली, “सापडला!”

तोच बेकरीवाला! चित्रात त्याच मिशा! पण खाली परक्या भाषेत एक ओळ जास्त होती.

ती भाषा आत्याला यायची. आत्याने चष्मा शोधेपर्यंत टकल्याने तीनदा चपला घातल्या आणि काढल्या.

“‘हे गणित सुटेल का? कोणती माहिती कमी आहे?’” आत्याने वाचलं. “अगं बाई! दादाने पाव उचलले, मिशा उचलल्या, आणि नेमका प्रश्नच तिथे ठेवून आला!”

“काका मान्य करतील?” टकल्याने विचारलं.

“सांगून नाही करणार,” चिमणी उठली. “त्यांनाच गणित घालू.”

काका पेपरामागे होते.

“काका, कपाटात वीस पुस्तकं होती. काल आणखी काही आली. आज पाच उरली. किती गेली?”

“पंधरा! अगदीच सोपं.”

“काल किती आली होती?”

“ते तू सांगितलंस कुठे?”

पेपर हळूहळू खाली आला. ताईने दोन्ही पुस्तकं पुढ्यात ठेवली. काकांनी एक पाहिलं, दुसरं पाहिलं, आत्याकडे पाहायचं टाळलं.

“शाब्बास!” ते शेवटी म्हणाले. “याला म्हणतात विचार!” मग त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली, मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला, चिमणीला मधोमध उभं केलं आणि कोणता देश मुलांना विचार कसा शिकवतो, यावर मनापासून बोलले. फार छान बोलले.

मुलं तळ्यावर पोचली तेव्हा होडीवाला डबा खात होता. पुढची फेरी उद्या होती.